मधल्या वाटेनं खिद्रापूर

कोल्हापूर बघायला आलेल्यांच्या गाड्या पश्चिमेकडे वळतात. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, मग पन्हाळा आणि जोतिबा; एखादा दिवस हाताशी असेल तर राधानगरी, दाजीपूर. त्या अंगाला डोंगर आहेत, पावसाळ्यात धुकं असतं, फोटो चांगले येतात. पूर्वेकडे जाणारा माणूस मात्र कामाचा असतो. त्याला गांधीनगरात कापड घ्यायचं असतं, हुपरीत चांदी, इचलकरंजीत सूत, नाहीतर उजळाईवाडीला विमान पकडायचं असतं. सगळा सपाट मुलूख, नजर जाईल तिथवर ऊस आणि मधून वळणं घेत गेलेली पंचगंगा. ‘तिकडं काय आहे बघण्यासारखं?’ असं खुद्द कोल्हापूरकरच विचारतात.

गडमुडशिंगी हे या पूर्व बाजूच्या तोंडाशी असलेलं गाव. तालुका करवीर. एका अंगाला विमानतळाचं कुंपण, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची बाजारपेठ आणि मधून हुपरीकडे जाणारा रस्ता. विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला, १९३९ साली सुरू झालेला. मार्च २०२४ मध्ये तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, आणि विस्तारात गडमुडशिंगीकरांच्याही जमिनी गेल्या. विमान डोक्यावरून गेलं तरी गल्लीतली म्हैस मान वर करत नाही, इतकं आता ते सवयीचं झालंय.

आईचं माहेर हे. दर डिसेंबरात आमची पुण्याहून इथं एक फेरी होते, आणि या खेपेला पोरांना खिद्रापूरचं देऊळ दाखवायचं ठरलं होतं. शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, कृष्णेच्या काठावरचं कोपेश्वर मंदिर. मोबाइलनं सांगली रस्ता दाखवला: शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूरच्या अंगानं नृसिंहवाडी, तिथून कुरुंदवाड. मामांनी तो मोबाइल बघितला आणि बाजूला ठेवला.

“ट्रकाच्या मागनं धूर खात जायाचं व्हय? मधनं जावा की. आधी वळिवडं बगा, मग कोडोली, हुपरी, रुईच्या बंधाऱ्यावरनं माणगाव. रस्ता बारका हाय, पण गावं लागत्यात.”

मामांचं म्हणणं मोडायची आमच्यात पद्धत नाही. शिवाय मागच्या सीटवर आई होती, आणि तिला तर भावाचा शब्द म्हणजे वेदवाक्य.

पहिला थांबा वळिवडं, दहा मिनिटांवर. गडमुडशिंगीतून गांधीनगरात शिरलं की रस्ता आक्रसतो. दुतर्फा कापडाची घाऊक दुकानं, बाहेर गठ्ठ्यांचे ढीग, मधून हातगाड्या. दक्षिण महाराष्ट्रातली, कोकणातली, बेळगावकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात. आईच्या लग्नाचाही बस्ता इथलाच. कुठल्या दुकानात किती घासाघीस झाली, कुणाची साडी कमी पडली, हे सगळं तिला अजून तोंडपाठ आहे. पण हे सिंधी व्यापारी इथं, पंचगंगेच्या काठी, आले कसे आणि नेमके याच जागी का बसले, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

त्याचं उत्तर पोलंडमधून सुरू होतं.

१९३९ च्या सप्टेंबरात हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टालिननं पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आलं. बर्फ, जंगलतोडीची सक्तमजुरी, उपासमार. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर डाव फिरला. लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि कैद्यांना सोडण्यात आलं. पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात भरती झाले. बायका-मुलं त्या सैन्यामागोमाग इराणात आली. त्यांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. काही आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोत. आणि सुमारे पाच हजार जण वळिवड्याला.

वळिवडं का? कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ पासून होता, गावाला स्टेशन होतं, नदी शेजारी होती आणि हवा मानवणारी होती. १९४३ मध्ये इथं छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातली पोलिश निर्वासितांची सगळ्यांत मोठी वस्ती. बराकींच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक कुटुंबाला लहानशा खोल्या आणि ओसरी. चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह. मुलं पोलिश भाषेत शिकत, स्काउटच्या गणवेशात फिरत. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली. जामसाहेबांचं नाव वॉर्साच्या चौकाला मिळालं. वळिवड्याचं नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात मात्र फारसं पोचलं नाही. आकडे बघितले तर बालाचडी शेकड्यांची आणि वळिवडं हजारांचं. राजाचा चेहरा असलेली गोष्ट लोकांच्या लक्षात राहते, गावाची राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

युद्ध संपलं, पण पोलंड रशियाच्या पंखाखाली गेला. ज्यांनी सायबेरिया भोगला होता त्यांतल्या बहुतेकांना तिथं परतायचं नव्हतं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली; कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेलं. एक पोलिश तरुणी मात्र कोल्हापुरातच लग्न करून इथल्याच घरात नांदली.

आणि त्याच सुमाराला फाळणीनं घरदार सोडावं लागलेले सिंधी इथं आणले गेले. बराकी तयारच होत्या. एका देशाच्या निर्वासितांनी खाली केलेल्या खोल्यांत दुसऱ्या देशाचे निर्वासित आले आणि वस्तीला नाव मिळालं गांधीनगर. ज्यांच्या हातात काही नव्हतं त्यांनी कापडाचे तागे खांद्यावर टाकून गावोगाव फिरत जो धंदा उभा केला, त्याची ही आजची घाऊक पेठ.

आम्ही गाडी एका बाजूला लावून चालत निघालो. बराकी शोधत जाणाऱ्याची निराशा होते. पक्की दुकानं आणि दुमजली घरं यांनी सगळं झाकून टाकलंय. पोरांना दाल-पकवानचा गाडा दिसला आणि इतिहास तिथंच थांबला. पकवान तळणाऱ्या माणसाला आईनं विचारलं, “पोलंडचे लोक कुठं राहत होते हो इथं?”

“अख्खं गाव त्यांचंच होतं की, मावशी,” तो कढईतून मान वर न काढता म्हणाला. “आता तुम्ही उभ्या आहात ना, ते पण.” त्याचं मराठी आमच्यापेक्षा जास्त कोल्हापुरी होतं.

कोल्हापूर शहरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. त्यांची दफनभूमीही शहरात आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पोलंडचे परराष्ट्र उपमंत्री इथं आले, त्यांच्यासोबत या छावणीत लहानाचे मोठे झालेले, आता ऐंशी-नव्वदीत असलेले काही जणही होते. तिकडे वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा त्यांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. त्या दिवशी मराठी वाहिन्यांवर ‘वळिवडे’ हे नाव दिवसभर झळकलं, आणि आईनं मामांना फोन करून विचारलं होतं, आपलंच का ते वळिवडं? व्हय, आपलंच, असं मामा म्हणाले होते. तेवढ्यावर विषय संपला होता. आता तिथं उभी राहून ती बराच वेळ दुकानांच्या पाट्या वाचत राहिली.

तिथून परत हुपरी रस्त्याला लागलो. वसगडे मागे पडलं. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. उसाला पांढरे तुरे आलेले, रस्त्याच्या कडेला तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या, बैलांपुढं हिरवं वाडं, आणि समोरून येणारा ट्रॅक्टर एकाऐवजी दोन ट्रॉल्या ओढत असलेला. अशा रस्त्यावर ओव्हरटेक करण्याचा विचार मनातून काढूनच टाकावा. ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्यांचा आवाज एवढा असतो, की आपल्या गाडीतली गाणी बंद करून तीच ऐकावीत.

एका वळणावर गुऱ्हाळाचा धूर दिसला आणि गाडी आपोआप थांबली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; गुऱ्हाळं मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहेत, कारण ऊस कारखान्याला घातला की शेतकऱ्याची कटकट संपते. इथं ती कटकट अजून सुरू होती. घाण्यातून रस काहिलीत येतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारणारा एक माणूस, वर काहिलीवर नजर ठेवणारा गुळव्या. तोच इथला खरा मालक. रस उकळायला लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतात. मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. पुढं पाक पिवळा, मग तांबूस होत जातो. गुळव्यानं लाकडी दांड्यावर थोडा पाक घेतला, पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी चेपून गोळी केली आणि बाजूच्या पत्र्यावर मारली. टण्णकन आवाज आला. “उतरा,” एवढंच तो म्हणाला. चौघांनी काहील उचलून आधण वाफ्यात ओतलं. ना तापमापी, ना घड्याळ. माझा इंजिनिअरिंगला असलेला पोरगा त्याला तापमान विचारत होता. गुळव्यानं त्याच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाला, “खावा, कळंल.”

काकवीची बाटली घेतली. सोबत रिकामी बाटली नेली तर स्वस्त पडते, हे तिथं गेल्यावर कळलं.

पट्टणकोडोली हे धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाचं गाव. दसरा झाला, की इथं यात्रा भरते आणि महाराष्ट्रासह कर्नाटक, आंध्र, गोव्यातून मेंढपाळ येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून भाकणूक सांगणारे फरांडेबाबा चालत येतात. तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक होते: पाऊस कसा, पीक कसं, धान्याला भाव किती, राजकारणात काय. दुसऱ्या दिवशी ती भाकणूक जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत हवामान खात्याच्या अंदाजाच्या शेजारी छापून येते, आणि गावातले लोक दोन्ही वाचतात. यात्रेत भंडारा, लोकर, खारीक-खोबरं उधळतात. माणसं, ढोल, छत्र्या सगळं पिवळं होऊन जातं. आम्ही गेलो तेव्हा यात्रा होऊन बरेच दिवस झाले होते. पण देवळाच्या दगडांच्या सांध्यात हळद अजून होती, आणि मुलीचे पांढरे बूट पिवळे झाले ते झालेच.

हुपरीत देऊळ बघायला कुणी जात नाही. इथं गल्लीत उभं राहायचं आणि ऐकायचं. ठोकण्याचा बारीक आवाज, मध्येच घुंगरांची पिशवी कुणी तरी रिकामी करतं त्याचा खळखळाट. देशभरातल्या बायकांच्या पायातली पैंजणं, लहान पोरांचे वाळे, कमरेचे करदोटे, जोडवी यांतलं बरंच काही या एका गावात आणि आजूबाजूच्या रेंदाळ, यळगूडमध्ये तयार होतं. कारखाना म्हणावा अशी इमारत क्वचितच दिसते. चांदी एका घरात आटते, तार दुसऱ्या घरात ओढली जाते, कड्या तिसऱ्या घरात वळतात, आणि जोडणी उंबऱ्यात बसलेल्या बायका करतात. आईच्या ओळखीनं एका घरात शिरलो. पुढ्यात पाटावर तांदळाच्या दाण्याएवढ्या कड्यांचा ढीग. चिमट्यानं एक कडी उचलायची, दुसरीत अडकवायची, टाकणखाराचा थेंब लावायचा, ज्योत दाखवायची, सांधा झाला की पुढची. त्या बाई आमच्याशी बोलत होत्या, नातवाला दटावत होत्या, टीव्हीवरची मालिका ऐकत होत्या, आणि हात एकदाही थांबला नाही. मजुरी वजनावर असते. चांदीचा भाव चढला की मजुरी चढते का, असं बायकोनं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भाव चढला की काम थांबतंय, बाई. दागिना घ्यायचा कुणी?”

हुपरीहून इंगळीकडे वळलं, की ऊस दोन्ही बाजूंनी गाडीला घासायला लागतो. पुढं एकदम मोकळं होतं आणि पंचगंगा दिसते. हाच तो रुईचा बंधारा. पावसाळ्यात रोज सकाळी कोल्हापूरकर बातम्यांत जी यादी ऐकतात, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ बंधारे पाण्याखाली, त्यातला हा तिसरा.

कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा हा शब्द महाराष्ट्रभर पाटबंधारे खात्याच्या कागदांत आहे, पण तो चालतो कसा हे जवळून बघितल्याशिवाय नीट कळत नाही. नदीपात्रात दगडी खांबांची रांग. प्रत्येक खांबाला दोन्ही अंगांना उभ्या खाचा. पावसाळा सरला, की त्या खाचांतून फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक सोडत जायचं. दोन ओळींत, आणि मधल्या पोकळीत माती ठासायची. पाणी अडतं, दोन्ही काठांच्या शेतीला उपसा मिळतो. मे संपत आला, की बरगे काढून नदीला वाट मोकळी. ना प्रचंड भिंत, ना गावं उठवायची. बरगे पूर्वी लाकडी असत, आता लोखंडीही असतात, आणि लोखंड म्हटल्यावर चोऱ्याही होतात. बरगे चोरणाऱ्यांची टोळी पकडल्याची बातमी अधूनमधून येते. जगात धरणाची फळी चोरीला जाणारा जिल्हा बहुधा आमचाच असेल.

बंधाऱ्यावरची वाट एका गाडीपुरती. समोरून मोटारसायकल आली तर कुणी तरी मागं जायचं. अडलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला होता. दुरून सुंदर, जवळून वास येणारा. शहराचं सांडपाणी आणि उद्योगांची मळी पंचगंगेत उतरते, त्यावर आंदोलनं झाली, न्यायालयात खटले झाले, आणि जलपर्णी दर उन्हाळ्यात परत येते. पोरांनी फोटो काढले. आईनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “आम्ही ह्याच नदीचं पाणी प्यायलो.”

नदी ओलांडली, रुई मागं टाकली, की माणगाव. बाहेरच्याला हे नाव सांगितलं तर रायगडातलं माणगाव आठवतं. हातकणंगले तालुक्यातल्या या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० या दोन दिवशी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. जानेवारीच्या अखेरीस त्यांचं ‘मूकनायक’ निघालं होतं, त्याला शाहू महाराजांची अडीच हजारांची मदत होती. विलायतेतलं त्यांचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. परिषदेसाठी पुढाकार घेतला तो गावच्या आप्पासाहेब पाटलांनी, आणि पाटील जैन समाजाचे. शाहू महाराज स्वतः आले, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, हा उद्या साऱ्या देशाचा पुढारी होईल, अशा अर्थाचं बोलले. १९२० मध्ये, आंबेडकरांचं नाव मुंबईबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसताना.

महाराजांनी हे दरबारात किंवा राजवाड्याच्या सज्जातून सांगितलं असतं तर त्यालाही मोल होतं. ते त्यांनी या उसाच्या शिवारात, ज्यांची सावलीही टाळली जात होती त्यांच्यासमोर सांगितलं. त्याच वेळी आंबेडकरांना त्यांनी आपल्या मुक्कामी जेवायलाही बोलावलं. त्या काळात या दुसऱ्या गोष्टीनं जास्त खळबळ माजली असेल, असं मला वाटतं.

गावात स्मारक आहे. दर मार्चला इथं माणसं जमतात, एरवी शांतता. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. शिक्षिका मुलांना रांगेत बसवून सांगत होत्या, आणि शेवटच्या रांगेतली दोन पोरं एकमेकांच्या टोप्या पळवत होती. आमची मुलगी त्यांच्यात जाऊन बसली. अर्ध्या तासानं आली ती म्हणाली, “बाबा, आपल्या पुस्तकात चवदार तळं आहे, पुणे करार आहे. हे का नाही?” मला उत्तर देता आलं नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे माणगावनंतर सात वर्षांनी.

इचलकरंजी आम्ही वळसा घालून टाळली. यंत्रमागांचा खडखडाट काचा वर केल्या तरी आत येत होता. त्या गावासाठी वेगळा दिवस हवा. पुन्हा पंचगंगा ओलांडून अब्दुल लाटच्या रस्त्यानं हेरवाडला आलो. पाटी वाचून आई पुढं वाकली. “हेच का ते?”

हेच. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत शिरोळ तालुक्यातलं हे गाव पोचलं. करोनाच्या दोन वर्षांत कमी वयाच्या अनेक बायका विधवा झाल्या होत्या, तो संदर्भ ताजा होता. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण बांगड्या फोडायला जी बाई पुढं होते, तिला आता गावाचा ठराव आडवा येतो.

आई मात्र सहज मान डोलावणारी नाही. वडील गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ती म्हणाली, “बांगड्या राहू दे. हळदीकुंकवाला बोलावतात का, ते विचार कुणाला तरी.” चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजींना तिनं स्वतःच विचारलं. त्या म्हणाल्या, काहीजणी बोलावतात, काहीजणी अजून नाही. दोघींनी मिळून चहा घेतला, आणि पुढची वीस मिनिटं त्या कशावर बोलत होत्या ते आम्हाला सांगितलं गेलं नाही.

कुरुंदवाडला वाटेत कृष्णाकाठची वांगी घेतली. पुण्यात कुणी कुठलीही वांगी कृष्णाकाठची म्हणून विकेल, इतकी ती प्रसिद्ध आहेत. गाडीच्या डिकीत आता गूळ, काकवी, वांगी आणि चिमूटभर भंडारा असा ऐवज जमला होता.

खिद्रापूर हे काही आता अनपेक्षित ठिकाण राहिलेलं नाही. कार्तिकी पौर्णिमेला स्वर्गमंडपाच्या मोकळ्या छतातून चंद्र बरोबर खालच्या गोल शिळेवर येतो म्हणून त्या रात्री इथं गर्दी लोटते, रील्स बनतात. तरीही दुपारी तीनला पोचलेल्या माणसाला देऊळ जवळजवळ एकट्याला मिळतं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. स्वर्गमंडपाला ४८ खांब, वर छताऐवजी आकाशाचं एक वर्तुळ, आणि त्याच मापाची वर्तुळाकार शिळा खाली. बाहेरच्या भिंतीखाली हत्तींची रांग, नव्वदच्या वर हत्ती, बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख इथं आहे. पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पाडाव करून हा मुलूख घेतल्यावर विजेत्यानं पराभूताच्या देवळाला दान दिलं. गाभाऱ्यात शंकराच्या कोपेश्वराशेजारी विष्णूचा धोपेश्वर, दोन्ही लिंगरूपात.

आणि नंदी नाही. मुलीच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. दक्षयज्ञाची कथा आईनं सांगितली: सती नंदीवर बसून माहेरी गेली, तिचा अपमान झाला, तिनं उडी घेतली आणि रागावलेला शंकर इथं कोपेश्वर होऊन बसला. नंदी राहिला तिकडं, नदीपलीकडच्या येडूरला. येडूर कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. खिद्रापूरच्या घाटावरून पलीकडे दिसतं ते जुगूळ, तेही कर्नाटकात. घाटावर मासे धरायला बसलेल्या पोरांचं अर्धं बोलणं कानडीत चाललं होतं.

“मग आत्ता येडूरला जाऊ,” मुलगी म्हणाली. मुलाला भूक लागली होती. आईला अंधार पडायच्या आत वाडीला दत्ताचं दर्शन घ्यायचं होतं. घाटाच्या पायरीवर उभं राहून बराच वाद झाला, आणि अपेक्षेप्रमाणे आई जिंकली. नृसिंहवाडीला कवठाची बर्फी आणि बासुंदी मिळते, या एका मुद्द्यावर मुलगा तिच्या बाजूला गेला.

येडूर आता मे महिन्याआधी करायचं ठरलंय. त्यानंतर बरगे निघतात, जूनअखेर नदी चढायला लागते, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायच्या कितीतरी आधी रुईची ही वाट पाण्याखाली गेलेली असते. मग मामांचा नकाशा चालत नाही, आणि मुकाट्यानं सांगली रस्त्याचे ट्रक धरावे लागतात.